गोळी डॉक्टरची, केस आपली : दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर लायसन्स रद्द



मृग लागला की हैदराबादेत मासळीला किती मागणी असते, ते तिकडे माल पाठवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मृगाला मासे खायची तिथे जुनी रीत. नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्यासाठी माशाचा प्रसाद घ्यायला रांगा लागतात, आणि मुशीराबादच्या मासळी बाजारात पहाटेपासून पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडे तेव्हा बंदीचे दिवस. बोटी शाकारलेल्या, आणि दोन पैसे मिळावेत म्हणून आपले कितीतरी तरुण खलाशी टेम्पोच्या स्टिअरिंगवर बसलेले. हंगाम सुरू झाला की मग बर्फातला ताजा माल आणि तीच धावपळ.

मुंबईच्या धक्क्यावरून हैदराबाद सुमारे ७०० किलोमीटर. पुणे, सोलापूर, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी आणि मग शहर. गाडी बहुतेक रात्रीचीच. ड्रायव्हरची कंबर दुखतेय म्हणून एक गोळी. सर्दी झालीय म्हणून दुसरी. परतल्यावर दिवसा झोप लागत नाही म्हणून तिसरी. दारूचा थेंबही नाही. नाखवा विचारतो, "काय रे, बरा हायस ना?" पोरगा म्हणतो, "हाय नाखवा, डॉक्टरची गोळी घेतलीय, काय होत नाय."

आजचा लेख या "काय होत नाय" बद्दल आहे. डॉक्टरने दिलेली गोळी घेऊन गाडी चालवली तरी केस होऊ शकते. आणि अशी केस दुसऱ्यांदा सिद्ध झाली तर कोर्टाला लायसन्स रद्द करावंच लागतं. ज्याचं घर स्टिअरिंगवर चालतं त्याच्यासाठी ही शिक्षा दंडापेक्षाही मोठी.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १८५ आपण ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’चं कलम म्हणून ओळखतो. पण त्यात दोन भाग आहेत. पहिला दारूचा : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. दुसरा भाग बरेच जण वाचतच नाहीत : ‘ड्रग’च्या अमलाखाली असल्यामुळे गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल, तरी तोच गुन्हा.

‘ड्रग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गांजा, चरस, पावडर येते. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर या शब्दाची व्याख्या मोठी झाली. दारू सोडून कुठलाही नशा आणणारा पदार्थ, नैसर्गिक असो की बनवलेला, आणि एनडीपीएस कायद्यातले सगळे अमली व मनावर परिणाम करणारे पदार्थ त्यात येतात. आता हे बघा : झोपेसाठी आणि घाबरेपणासाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, डायझेपाम या गोळ्या एनडीपीएसच्या यादीत आहेत. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल २०१८ पासून त्या यादीत आहे. खोकल्याच्या काही औषधांत असणारं कोडीनही त्यात आहे. म्हणजे मेडिकलवरून रीतसर चिठ्ठीवर आणलेली गोळीसुद्धा कलम १८५ मध्ये येऊ शकते.

चिठ्ठी आहे म्हणजे गोळी बाळगणं, घेणं हा गुन्हा नाही. चिठ्ठीचं काम एवढंच. ती घेऊन गाडी चालवायची परवानगी चिठ्ठी देत नाही. कायदा विचारतो ते एकच : ताबा होता की नव्हता?

मग साधी सर्दीची गोळी? ती एनडीपीएसमध्ये नाही. ती १८५ मध्ये बसते की नाही यावर वकील भांडतील. पण झोप लागून गाडी कुणावर गेली तर पोलिसांकडे दुसरी कलमं तयार आहेत : धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४, भारतीय न्याय संहितेचं निष्काळजी ड्रायव्हिंगचं कलम २८१, आणि माणूस गेला तर कलम १०६, ज्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे गोळी कुठल्या यादीतली होती हे कुणी विचारत नाही.

पहिली केस आणि दुसरी केस

आता मुख्य मुद्दा. हा हिशोब नीट समजून घ्या.

पहिल्यांदा दोषी ठरलात : ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याशिवाय कलम २० प्रमाणे कोर्टाला लायसन्स किमान ६ महिने बंद ठेवण्याचा आदेश द्यावा लागतो.

दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर दोषी ठरलात : २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि कलम २२ प्रमाणे कोर्ट लायसन्स रद्द करतं. इथे ‘करू शकतं’ असा शब्द नाही, ‘करील’ असा आहे.

पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत झाला तरच वाढीव शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षांची अट राहिलेली नाही. जुनी केस म्हणून ती पुसली जात नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पहिली केस दारूची आणि दुसरी गोळीची असली तरी कलम एकच आहे, १८५. समजा एखाद्या ड्रायव्हरला चार वर्षांपूर्वी शिमग्यात बिअर पिऊन पकडलं होतं. दंड भरून तो सुटला. आज तो दारू पीत नाही, पण पाठीसाठी ट्रॅमाडॉल घेतो आणि हैदराबादच्या बाहेरच्या रिंग रोडवर गाडी वाकडी जाताना सापडतो. त्याच्या डोक्यात ही ‘पहिलीच वेळ’. कोर्टाच्या हिशोबात दुसरी. राज्य वेगळं म्हणून सुटका नाही. आपल्या लायसन्सची नोंद ‘सारथी’ या देशभरच्या यंत्रणेत आहे. महाराष्ट्रात काढलेलं लायसन्स तेलंगणातही तेच.

म्हणून घाईघाईत "साहेब, गुन्हा कबूल" म्हणण्याची सवय जपून. कलम १८५ मध्ये जागेवर पावती फाडून मोकळं होता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. गाडी अडकलेली, बर्फ वितळतोय, माल सडतोय, मालकाचे फोन चालू. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "कबूल कर, दंड भर, संध्याकाळपर्यंत घरी." ते कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं. पुढे कधी दुसरी केस झाली की हीच पहिली म्हणून मोजली जाते. चूक केली असेल तर खोटं बोला असं आमचं म्हणणं नाही. पण सही कशावर करतोय ते वकिलाला विचारून करा. दारूला ३० मिलिग्रॅमचा आकडा आहे, गोळीला तसा आकडा नाही. ताबा खरंच सुटला होता का, हे डॉक्टरी तपासणी आणि पुराव्यावर ठरतं. गोळी ठरल्या मात्रेत घेतली असेल, चालणं-बोलणं ठीक असेल, तर ते मांडायचा हक्क तुम्हाला आहे.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पात्र व्यक्तींना मोफत वकील देतं. देशभरचा हेल्पलाइन नंबर १५१००. तेलंगणातूनही लागतो.

हैदराबादेत तपासणी कशी होते

हैदराबादचे ट्रॅफिक पोलिस या बाबतीत कडक म्हणून ओळखले जातात. शुक्रवार-शनिवारच्या रात्री नाकाबंदी ठरलेली. सापडलेल्या माणसाला गोशामहल किंवा बेगमपेटच्या ट्रॅफिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये समुपदेशनाला बोलावतात, तेही घरच्या माणसाला सोबत घेऊन. मग कोर्ट. दंडावर न थांबता काही दिवसांची कैद दिल्याची उदाहरणं तिथे नेहमीची आहेत.

फुंकायच्या मशीनमध्ये गोळी दिसत नाही, हे खरं. पण २०१९ नंतर कायद्यात प्रयोगशाळेची तपासणीही आली. तेलंगणच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेकडे आणि पोलिसांकडे आता लाळ किंवा लघवीवरून पदार्थ ओळखणारी किटं आहेत. अशा पट्टीला एवढंच कळतं की पदार्थ शरीरात आहे. तो चिठ्ठीवरचा की चोरून घेतलेला, ते पट्टीला कळत नाही. ते तुम्हाला कागद दाखवून सांगावं लागतं.

कलम १८५ खाली पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण कलम २०२ सांगतं, अटक केल्यापासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही तर सोडावं लागतं. हे तुमच्या बाजूचं कलम आहे, लक्षात ठेवा. आणि तपासणीला नकार देऊ नका. कारण नसताना नकार दिला तर तो नकारच कोर्टात तुमच्या विरुद्ध पुरावा म्हणून येतो.

ताडीतली गोळी

तेलंगणात जाणाऱ्यांसाठी ही वेगळी सूचना. तिकडे ताडीची दुकानं जागोजागी. पण ताडीत डायझेपाम, अल्प्राझोलाम किंवा क्लोरल हायड्रेट मिसळण्याचा धंदा तिथे अनेक वर्षांपासून चालत आलाय. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात अशी भेसळीची ताडी पिऊन अनेक जण इस्पितळात गेले, काहींचा जीव गेला. तपासणीत अल्प्राझोलाम सापडल्याचं उत्पादन शुल्क खात्याने सांगितलं.

म्हणजे एक ग्लास ताडी घेतली, मशीनवर आकडा कमी आला, तरी पोटात झोपेची गोळी गेलेली असू शकते. ज्याला आधीच डॉक्टरने तशीच गोळी दिलीय, त्याच्या अंगात दोन्ही एकत्र. श्वास मंदावण्यापर्यंत वेळ येते. गाडीची तर गोष्टच सोडा.

कुठल्या गोळ्यांनी डोळा लागतो

सगळ्याच औषधांनी झोप येत नाही. पण ही नावं आपल्या घरांत नेहमीची आहेत :

• बोट लागू नये म्हणून घेतो ती एव्होमिन. तिच्यातल्या प्रोमेथाझिनने चांगलीच गुंगी येते. समुद्रात घेतली, बंदराला लागलो आणि लगेच टेम्पो काढला, असं करू नका.

• सर्दी, खाज, अंगावर पित्त यासाठीची एव्हिल, आणि क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या.

• झोप, घाबरेपणा, फिट यासाठीच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम. डायझेपाम अंगातून निघायला कित्येक दिवस लागू शकतात. रात्री घेतली म्हणजे सकाळी उतरली, असं नसतं.

• कंबर, गुडघा, नस यासाठीच्या ट्रॅमाडॉल, प्रेगाबालिन, गाबापेंटिन.

• कोडीनचं खोकल्याचं औषध.

• साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन. यांनी गुंगी येत नाही, पण जेवण चुकलं की साखर उतरते, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन ही २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. स्ट्रिपवर लाल चौकटीत सूचना असते, आणि दुकानदाराला ती कुणाला विकली याची वेगळी नोंद ठेवावी लागते. लाल चौकट दिसली की थांबा आणि विचारा. फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावरच गाडीचं चित्र असतं, पिवळं, नारिंगी आणि लाल. लाल म्हणजे गाडी चालवू नका. ब्रिटनमध्ये २०१५ पासून काही औषधांची रक्तातली मर्यादा आकड्यात ठरवलीय, आणि डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे घेतली असेल व ताबा सुटलेला नसेल तर बचावाची सोयही कायद्यातच आहे. आपल्याकडे खोक्यावर तसं चित्र नाही आणि कायद्यात तसा आकडाही नाही. म्हणून विचारायची जबाबदारी आपल्यावरच येते.

मालकांनो, ही तुमचीही केस आहे

बोट मालक आणि टेम्पो मालकांनी हा भाग दोनदा वाचावा.

कलम १८८ : कलम १८४, १८५, १८६ च्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा मदत देतो, त्याला तीच शिक्षा. "गोळी घेतलीस तर काय झालं, माल पहाटे पोचलाच पाहिजे, निघ" असा फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उद्या कोर्टात वाचला जाऊ शकतो.

कलम १८० : ज्याच्याकडे चालू लायसन्स नाही त्याला गाडी दिली तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लायसन्स बंद असताना गाडी चालवणाऱ्यालाही कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "आपलाच भाचा आहे, जुना ड्रायव्हर आहे" हे कारण तिथे चालत नाही.

विमा : दारू किंवा ड्रगच्या अमलाखाली गाडी चालवली असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसीतच नाकारलेला असतो. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या एका पोर्श गाडीच्या प्रकरणात सांगितलं, की श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली नसली तरी बाकी परिस्थितीवरून विमा कंपनी हे सिद्ध करू शकते. ते प्रकरण दारूचं होतं, पण पॉलिसीच्या त्याच अटीत ड्रगही आहे. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या बाबतीतही कलम १५० मध्ये आता हा बचाव कंपनीला दिलेला आहे. कर्जावर घेतलेला टेम्पो, विमा नाही, हप्ता चालू. घर विकायची वेळ येते.

आणि माणसं मेली तर? १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. ७ जण मेले, ८ जखमी. खालच्या कोर्टाने ६ महिन्यांची कैद दिली होती. हायकोर्टाने तो सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. तेही प्रकरण दारूचंच. पण त्यातलं तत्त्व आपल्यालाही लागू पडतं : माणसं मरू शकतात हे माहीत असून गाडी चालवली, तर तो नुसता निष्काळजीपणा राहत नाही. ज्याच्या नावावर आधीच एक केस आहे, ज्याला कोर्टाने एकदा समजावलंय, त्याने "मला माहीत नव्हतं" म्हटलं तर कोण ऐकणार?

मग करायचं काय?

औषध बंद करू नका. हे सगळ्यात आधी. फिटची, बीपीची, मानसिक आजाराची गोळी अचानक सोडली तर जीवावर बेतू शकतं. बदलायचं असेल तर डॉक्टरच बदलतील.

डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हे सांगा : "डॉक्टर, मी रात्रीची गाडी चालवतो." बहुतेक वेळा झोप न आणणारा किंवा कमी आणणारा दुसरा पर्याय असतो. पण आपण सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार?

नवी गोळी सुरू केली की पहिले काही दिवस स्टिअरिंग धरू नका. अंगावर कशी चढते ते घरी बघा.

चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये आणि मूळ कागद गाडीत ठेवा. गोळ्या सुट्या पुडीत बांधू नका, मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा. दुसऱ्याच्या नावावरची गोळी तर कधीच घेऊ नका.

लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर पाठवा. महाग पडतं, मान्य आहे. पण सडलेला माल, अडकलेला टेम्पो आणि वकिलाची फी धरली तर स्वस्तच.

मालकांनी गाडी काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : "आज काही गोळी घेतलीस का?" आणि पोरगा "हो" म्हणाला तर त्याची मजुरी कापायची नाही. मजुरी कापली तर पुढच्या वेळी तो खरं सांगणार नाही.

घरच्या बायामाणसांनाही विनंती. गोळ्यांचा डबा तुमच्याच हातात असतो. कोण काय घेतं हे तुम्हालाच आधी कळतं. "आज नको जाऊस" हे तुम्ही म्हणालात तर त्याला वजन असतं.

वादळाचा बावटा लागला की आपण बोट काढत नाही. कुणी त्याला भित्रा म्हणत नाही, शहाणा म्हणतात. गोळीच्या स्ट्रिपवरची लाल चौकट हाही बावटाच समजा.

ही माहिती आपल्या प्रत्येक ड्रायव्हर आणि खलाशापर्यंत पोचवा. कुणावर आधीच एक केस असेल तर त्याला शेजारी बसवून ‘पहिली केस आणि दुसरी केस’ हा भाग वाचून दाखवा.